बावधन अधिक नऊ

बँकेच्या ‘केवायसी’च्या अर्जात पत्त्याचे दोन रकाने असतात, वरच्यात कायमचा पत्ता लिहायचा आणि खालच्यात पत्रव्यवहाराचा. आमची सदाशिव पेठेतील इमारत पुनर्विकासासाठी पाडली आणि आम्ही बावधनला भाड्याच्या घरात आलो, त्याला आता तीन वर्षे होत आली. करारात अठरा महिने लिहिलेले होते. या काळात मी बँक, विमा, गॅस, आईचे कुटुंब निवृत्तिवेतन अशा इतक्या ठिकाणी हा अर्ज भरला आहे, की दोन्ही पत्ते लिहिताना हात आपोआप चालतो आणि डोके मोकळे राहते. गेल्या पावसाळ्यात असाच एक अर्ज भरताना पिनकोडच्या सहा सहा चौकटी नेमक्या एकाखाली एक आल्या. वर ४११०३०, खाली ४११०२१. फरक नऊचा होता. एवढ्यात काही विशेष नव्हते. पण खालच्या संख्येचे अंक सहज मिळवले तर तेही चार, एक, एक, शून्य, दोन, एक मिळून नऊच भरले. म्हणजे बावधनच्या पिनकोडमध्ये त्याच्याच अंकांची बेरीज मिळवली की सदाशिव पेठ येते. मी पेन हातात धरून तसाच बसलो, आणि खिडकीपलीकडच्या मुलीने ‘काका, सही राहिली’ असे दोनदा सांगितल्यावर भानावर आलो.

पिनकोड ही खरे तर मोजण्याची संख्या नाही. दोन पिनकोडांची बेरीज कोणी करत नाही, आणि कोथरूडचा पिनकोड डेक्कनपेक्षा मोठा आहे म्हणून कोथरूडला कोणी वरचढ मानत नाही. (कोथरूडकर कदाचित मानत असतील.) तो टपालाची थैली योग्य ठिकाणी पडावी म्हणून लावलेला बिल्ला आहे. केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अधिकारी असलेले श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी ही पद्धत आखली आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून ती लागू झाली. वेलणकर संस्कृतचे कवीही होते, ही गोष्ट मला फार आवडते, कारण सहा अंकांत सारा देश बसवण्याचे काम छंदात अर्थ बसवण्यापेक्षा फारसे वेगळे नसावे. पहिला अंक ४ असला की पत्र महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड या पट्ट्यात जाते, पहिल्या तीन अंकांनी, म्हणजे ४११ ने, ते पुण्याच्या वर्गवारीत पडते, आणि शेवटचे तीन अंक पोस्ट ऑफिस सांगतात. आमचे अण्णा मात्र शेवटपर्यंत पोस्टकार्डावर नुसते ‘पुणे ३०’ एवढेच लिहीत. त्यांच्या मते पुढचे ४११ हे पुण्याबाहेरच्या लोकांच्या सोयीसाठी होते.

त्या दिवशी टोकनच्या पाठीमागे मी ४११०३० चे अवयव पाडायला घेतले. शाळेत लसावि-मसावि करताना उभी रेघ ओढून डाव्या बाजूला भाजक लिहीत जाण्याची जी पद्धत शिकवतात, तीच. एकक स्थानी शून्य असल्यामुळे २ आणि ५ लगेच निघाले. अंकांची बेरीज नऊ असल्यामुळे ३ ने दोनदा भाग जाणार हेही उघड होते. हे चार अवयव काढून घेतल्यावर खाली उरले ४५६७. चार, पाच, सहा, सात! एखादी चाळ पाडताना तळाशी आखीव-रेखीव दगडी जोते सापडावे, तसे मला वाटले. आता याचे आणखी तुकडे होतात का, हे पाहायचे होते. ४५६७ चे वर्गमूळ सदुसष्ट आणि थोडे अधिक येते, तेव्हा ६७ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भाग देऊन पाहिले की काम संपते. सातने बाकी तीन उरली, अकराने दोन, तेराने चार. असे करत करत ६७ ने बाकी ११ उरली, आणि ४५६७ ही मूळ संख्या आहे हे ठरले. तोपर्यंत माझा टोकन क्रमांक पुकारून झाला होता.

तेव्हा आमच्या पेठेची संख्या अशी आहे: २ × ३² × ५ × ४५६७, म्हणजेच ९० × ४५६७. हा ४५६७ किती एकटा आहे, तेही पाहण्यासारखे आहे. ओळीने चढत जाणारे चार अंक घेऊन १२३४ पासून ६७८९ पर्यंत सहा संख्या होतात. त्यांतील तीन सम आहेत, २३४५ ला पाचने भाग जातो, ६७८९ च्या अंकांची बेरीज तीस असल्याने तिला तीनने भाग जातो, आणि एकटी ४५६७ अभंग राहते. अण्णांचे ‘पुणे ३०’ हेही काही साधे प्रकरण नाही. तीसपेक्षा लहान असलेल्या आणि तिसाशी एकाखेरीज कोणताही सामाईक अवयव नसलेल्या संख्या काढल्या, तर १ वगळता ७, ११, १३, १७, १९, २३, २९ अशा सगळ्या मूळच निघतात, आणि ज्या संख्येबाबत असे घडते अशी सर्वांत मोठी संख्या म्हणजे ३० च. त्यापुढे कितीही मोठी संख्या घेतली तरी हे पुन्हा घडत नाही. अण्णांना हे माहीत असते, तर त्यांनी ४११ कधीच लिहिले नसते.

संख्यांचे वर्ग पाडण्याची हौस माणसाला फार जुनी आहे. ग्रीकांनी एक साधी कसोटी लावली होती: संख्या स्वतः सोडून तिचे बाकीचे सगळे विभाजक मिळवायचे. बेरीज संख्येएवढीच आली तर ती परिपूर्ण, जशी ६ किंवा २८. कमी भरली तर न्यून आणि जास्त झाली तर विपुल. ४११०३० ला एकूण २४ विभाजक आहेत, आणि स्वतःला सोडून उरलेल्या तेवीस विभाजकांची बेरीज ६,५७,८८२ भरते. संख्येच्या दीडपटीहून अधिक! ज्या पेठेतील पाहुणचारावर आणि दारावरच्या पाट्यांवर अर्धा महाराष्ट्र विनोद करतो, तिचा आकडा विपुल निघावा, याचा मला मनापासून आनंद झाला. ‘पुणे तिथे काय उणे’ ही म्हण गणिताने निदान एका पेठेपुरती सिद्ध केली.

पण हा आनंद फार काळ टिकला नाही, कारण आणखी एका कसोटीत आमची पेठ सपशेल नापास होते. १९४८ मध्ये ए. के. श्रीनिवासन यांनी ज्या संख्यांना व्यवहारी म्हणावे असे सुचवले, त्यांची अट अशी, की त्या संख्येहून लहान असलेली प्रत्येक संख्या तिच्या निरनिराळ्या विभाजकांच्या बेरजेने तयार करता आली पाहिजे. हे समजायला वाण्याचे दुकान डोळ्यांसमोर आणावे. माझ्या लहानपणी आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात लाकडी खोक्यात वजने उतरत्या क्रमाने बसवलेली असत, आणि दुकानदार पावणेदोनशे ग्रॅम जिरे मागितले तरी क्षणात शंभर, पन्नास, वीस आणि पाचचे वजन पारड्यात टाकत असे. आता अशी कल्पना करा, की ४११०३० चे विभाजक हीच वजने आहेत. १, २, ३, ५, ६, ९, १०, १५, १८, ३०, ४५ आणि ९० ही पहिली बारा वजने. त्यांनी १ पासून २३४ पर्यंतचे कोणतेही वजन करता येते. पण २३५ हवे असेल, तर बाराही वजने पारड्यात टाकून एक कमी पडतो, आणि खोक्यातले पुढचे वजन एकदम ४५६७ चे आहे. मधे काहीच नाही. विपुल आहे, पण व्यवहारी नाही: हे वाचून आमच्या शेजारच्या काकूंनी आपल्या यजमानांकडे ज्या नजरेने पाहिले, ती येथे लिहिण्यासारखी नाही.

संख्यांशी अशा प्रकारे बोलणारा महाराष्ट्रातला खरा माणूस म्हणजे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५ चा, डहाणूचा. शाळा ठाण्यात झाली आणि महाविद्यालय पुण्याचे फर्ग्युसन, जिथून १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. पुढे १९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळच्या देवळालीला शाळेत शिकवत राहिले. पदव्युत्तर शिक्षण नव्हते, विद्यापीठातली जागा नव्हती. बऱ्याच विद्वानांनी त्यांचे काम म्हणजे फावल्या वेळचा खेळ मानले, आणि कित्येक पुस्तिका त्यांनी स्वतःच छापून घेतल्या. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या आपल्या गाजलेल्या सदरातून त्यांच्याबद्दल लिहिले, तेव्हा कुठे त्यांचे नाव जगभर गेले. त्या वेळी ते सत्तर वर्षांचे होते.

ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो, तिला कापरेकरांनी ‘हर्षद’ म्हटले, म्हणजे हर्ष देणारी. किती साधे आणि किती मनमोकळे नाव! ४११०३० च्या अंकांची बेरीज नऊ, आणि नऊने भागले की ४५६७० येतात, म्हणून ती हर्षद आहे. (रामानुजन यांच्या १७२९ च्या टॅक्सीची गोष्ट सर्वांना पाठ असल्यामुळे मी ती सांगत नाही, पण १७२९ च्या अंकांची बेरीज १९ येते, १९ ने भागल्यावर ९१ येतात, आणि ९१ म्हणजे उलटे लिहिलेले १९, एवढे मात्र राहवत नाही म्हणून सांगतो.)

कापरेकरांचा सर्वांत प्रसिद्ध शोध ६१७४ चा. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून मोठीतून लहान वजा करावी, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करावे. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि मग तिथून हलत नाही. आमच्या पेठेच्या तळाशी सापडलेल्या ४५६७ ला अंक लावून घेण्याचेही कष्ट पडत नाहीत. ७६५४ वजा ४५६७ म्हणजे ३०८७. ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. तीन पायऱ्यांत मुक्कामावर. मग अख्ख्या ४११०३० वर हाच प्रयोग केला. ४३११०० मधून ००११३४ वजा केले तर ४२९९६६ आले, त्यातून ७४९९४३, त्यातून ६५२६४४, त्यातून ४२०८७६. सहा अंकी संख्यांमध्ये ५४९९४५ आणि ६३१७६४ या दोन स्थिर जागा आहेत हे मला माहीत होते, त्यामुळे यांपैकी कुठल्या तरी एका घाटावर नाव लागेल अशी आशा होती. पण ४२०८७६ नंतर ८५१७४२, मग ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ आणि पुन्हा ४२०८७६! सात संख्यांचा भोवरा, आणि त्यातून बाहेर पडायला वाट नाही. करारातल्या अठरा महिन्यांनंतर दर तिमाहीला मिळणाऱ्या नव्या तारखांची मला त्या रात्री फार आठवण झाली.

कापरेकरांच्या या खेळांवर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो डावलून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. केंब्रिजचे जी. एच. हार्डी यांनी १९४० मध्ये असे मत मांडले होते, की आपल्याच उलट्या रूपाच्या पटीत असणाऱ्या चार अंकी संख्या ८७१२ आणि ९८०१ या दोनच आहेत, असली विधाने कोड्यांच्या सदरात शोभतील, पण गणितज्ञाला रुचावे असे त्यांत काही नसते. त्यांचा मुद्दा खरा आहे. अंकांची बेरीज हा संख्येचा गुण नसून लिहिण्याच्या पद्धतीचा गुण आहे. आपल्याला दहा बोटे आहेत म्हणून आपण दशमान पद्धतीत लिहितो. आठ बोटे असती तर हेच सदाशिव पेठेचे पोस्ट ऑफिस, हीच संख्या, पण तिचे अंक निराळे असते आणि हर्षद असणे-नसणेही निराळे झाले असते. २ × ३² × ५ × ४५६७ हे मात्र कोणत्याही पद्धतीत तसेच राहील. अवयव संख्येच्या हाडामांसाचे असतात, अंक तिच्या कपड्यांचे.

हे मान्य करून मी गप्प बसलो असतो. पण पेठी माणूस वादात सहजासहजी गप्प बसत नाही. कपडे बदलून पाहू, म्हणून ४११०३० मी संगणकाच्या द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त एक आणि शून्य वापरून लिहिली. दोनने भागत भागत, बाकी टिपत टिपत, उत्तर एकोणीस अंकांचे आले: ११००१०००१०११००१०११०. त्यातले एक मोजले. नऊ. पुन्हा मोजले, तरी नऊ. म्हणजे दोन बोटांच्या माणसांच्या जगातही आमच्या पेठेच्या अंकांची बेरीज नऊच आहे, आणि नऊने तिला भाग जातोच, तेव्हा ती तिथेही हर्षद आहे. हार्डींचा मुद्दा याने खोडला जात नाही, हे मला कळते. तो योगायोग आहे. तरी त्या रात्री मला झोप चांगली लागली.

शिवाय हार्डींना जे आवडे, तेही पुण्याच्या पिनकोडांत सापडते, आणि त्यासाठी कसबा पेठेत जावे लागते. कसब्याचा पिनकोड ४११०११. ही संख्या मूळ आहे का, हे ठरवायला ६४१ पर्यंतच्या ११६ मूळ संख्यांनी भाग देऊन पाहावे लागते. संगणकाने हे निमिषात होते. मी ते बावधनच्या गॅलरीत बसून, चांदणी चौकाकडून येणाऱ्या वाहनांच्या आवाजात, तीन संध्याकाळी वहीवर केले, कारण हाताने भागताना संख्येशी जी सलगी होते ती बटण दाबून होत नाही. काही भागाकार तोंडी झाले: ४११ म्हणजे ३ × १३७, त्यामुळे १३७ ने भागल्यावर पुण्याच्या कुठल्याही पिनकोडची बाकी शेवटच्या दोन अंकांवरूनच कळते. दुसऱ्या संध्याकाळी २३३ पाशी मात्र काळजाचा ठोका चुकला, कारण बाकी २३२ आली. एक आणखी असता तर भाग गेला असता! तो एक अर्थातच शेजारच्या ४११०१२ ला, म्हणजे दापोडीला मिळतो, आणि दापोडीचे अवयव पाडले तर २३३ × ४२ × ४२ असे देखणे निघतात. कसबा मात्र ११६ संख्यांपैकी कोणालाही वश झाला नाही. तो मूळ आहे. पुण्याच्या मूळ वस्तीचा आकडा मूळ संख्या असावा, यावर मी काही भाष्य करत नाही. पेठेतल्या माणसाने कसब्याची स्तुती किती करावी, यालाही मर्यादा आहे. आणि मूळ संख्या असल्यामुळे तिच्या उरलेल्या विभाजकांची बेरीज अवघी एक, म्हणजे ग्रीकांच्या हिशेबात ती न्यूनातली न्यून.

मूळ संख्यांची जोडी दोनच्या अंतराने आली की तिला जोडमूळ म्हणतात. कसब्यानंतर दोनने येतो ४११०१३, म्हणजे हडपसरची औद्योगिक वसाहत आणि मगरपट्टा. तोही मी त्याच ११६ चाळण्यांतून काढला आणि तोही मूळ निघाला. एकीकडे शहराचे सर्वांत जुने गावठाण, दुसरीकडे उसाच्या शेतांवर उभे राहिलेले काचेचे मनोरे, आणि गणिताने दोघांना जुळे ठरवले. जुळी असली तरी दोघांचे स्वभाव वेगळे आहेत. फर्मा यांनी सांगितलेले आणि ऑयलर यांनी सिद्ध केलेले एक प्रमेय असे, की चारने भागल्यावर बाकी एक उरणारी मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात लिहिता येते आणि तीही एकाच प्रकारे. बाकी तीन उरली तर कधीच लिहिता येत नाही. हार्डींनी ज्याला अंकगणितातल्या उत्तम प्रमेयांत गणले, ते हे. कसब्याची बाकी तीन आहे, तेव्हा तिथे प्रश्नच मिटला. मगरपट्ट्याची बाकी एक, म्हणजे ते दोन वर्ग कुठेतरी असलेच पाहिजेत. शोधायला सुरुवात करताना एकक स्थानाचा विचार केला: वर्गाच्या शेवटी ०, १, ४, ५, ६ किंवा ९ येऊ शकतो, आणि बेरजेच्या शेवटी ३ हवा असेल तर एका वर्गाच्या शेवटी ४ आणि दुसऱ्याच्या शेवटी ९ असण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणजे एक संख्या ३ किंवा ७ ने संपणारी. मग ३, ७, १३, १७ असे एकेकाचे वर्ग ४११०१३ मधून वजा करत गेलो. तेराव्या प्रयत्नात ६३ ची पाळी आली. ६३ चा वर्ग ३९६९. वजा करून उरले ४०७०४४. आणि ६३८ चा वर्ग बरोबर ४०७०४४. दोन्ही संख्यांच्या तोंडाशी ६३ यावेत हा पुन्हा कपड्यांचाच योगायोग, पण ते वर्ग तिथे असणार हे तीनशेहून अधिक वर्षांपूर्वीच ठरलेले होते. त्या वेळी तिथे पिनकोड तर सोडाच, मगरपट्टाही नव्हता.

आता त्या अर्जावरच्या नऊकडे परत येतो. संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून पुढची संख्या काढायची, हा कापरेकरांचा आणखी एक आवडता उद्योग. पहिली संख्या दुसरीची जनक. त्यांच्या लक्षात आले, की काही संख्यांना जनकच नसतो; कुठल्याही संख्येत तिचे अंक मिळवले तरी त्या येत नाहीत. त्यांनी हा वर्ग जगापुढे ठेवला. त्यांना ते आपल्या गावावरून देवळाली संख्या म्हणत. मराठीत आपण त्यांना स्वयंभू संख्या म्हणतो. मी पुण्याचे पिनकोड घेऊन बसलो. ४११००२ मध्ये आठ मिळवले तर ४११०१० येतात, ४११००३ मध्ये नऊ मिळवले तर ४११०१२; मधले ४११०११ फटीत राहतात. मागे जाऊन पाहावे तर ४१०९८४ वरून ४११०१० आणि ४१०९८५ वरून ४११०१२, पुन्हा तीच उडी. ४१०९७९ वरून जेमतेम ४११००९ पर्यंत पोहोचता येते आणि ४१०९९० वरून एकदम ४११०१३ वर जाणे होते. कुठूनही ४११०११ हाती लागत नाही. कसबा स्वयंभू आहे! ज्या गणपतीला सारे पुणे ग्रामदैवत मानते आणि श्रद्धाळू ज्याला स्वयंभू म्हणतात, त्याच्या पेठेची ही संख्या. या वेळी मात्र मी वही मिटून स्वयंपाकघरात गेलो आणि आईला सांगितले. आईने हात जोडले. (भोसरीच्या औद्योगिक वसाहतीचा ४११०२६, मार्केट यार्डचा ४११०३७ आणि कोंढव्याचा ४११०४८ हेही स्वयंभू आहेत, हे मी तिला सांगितले नाही.)

आमची सदाशिव पेठ स्वयंभू नाही; तिला जनक आहे, आणि तो कोण हे अर्जानेच दाखवले होते. पण तो एकच आहे का? ४११०३० ला नऊने भाग जातो, तेव्हा तिच्या जनकालाही नऊने भाग जायलाच हवा, आणि अंकांची बेरीज फार मोठी होऊ शकत नसल्यामुळे मागे फार लांब जावे लागत नाही. ४११०१२ घ्यावे तर अठरा मिळवावे लागतील, तिचे अंक भरतात नऊच. ४११००३ ला सत्तावीस हवेत, तिच्याजवळही नऊच आहेत. ४१०९९४ ला छत्तीस हवेत, आहेत सत्तावीस. ४१०९८५ ला पंचेचाळीस हवेत, आहेत सत्तावीसच. आणि त्यामागे तूट वाढतच जाते. उरतो तो फक्त ४११०२१. म्हणजे सदाशिव पेठेत पोहोचायला एकच वाट आहे आणि ती पाषाण-बावधनवरूनच जाते.

मग ही वाट दोन्ही बाजूंना चालून पाहिली. खडकीच्या ४११००३ मध्ये नऊ मिळवले की दापोडी येते, जी प्रत्यक्षातही मुळा ओलांडली की येते. दापोडीत नऊ मिळवले की पाषाण-बावधन, त्यात नऊ मिळवले की सदाशिव पेठ, आणि पेठेत नऊ मिळवले की भोसरी, ४११०३९. इथपर्यंत बस नऊ-नऊच्या थांब्यांनी चालते. भोसरीच्या अंकांची बेरीज मात्र अठरा, त्यामुळे पुढची उडी दुप्पट पडते आणि ती थेट ४११०५७ वर, म्हणजे हिंजवडीत. पीएमपीचा असा मार्ग कोणी सुचवला तर त्याला वेड्यात काढतील, पण आमच्या इमारतीतल्या बिऱ्हाडांची या तीन वर्षांतली पांगापांग पाहिली तर हा मार्ग तितकासा वेडा नाही. तळमजल्यावरचे आजोबा मुलाकडे भोसरीला गेले, आणि दुसऱ्या मजल्यावरची दोन्ही मुले हिंजवडीला नोकरीच्या जवळ.

परवा रात्री जेवताना हे सगळे मी आईपुढे मांडले. ताटाशेजारी वही ठेवून तिला ४११०२१ चे अंक मिळवून दाखवले, त्यात नऊ घालून ४११०३० काढून दाखवले, आणि दुसरी कोणतीही वाट का नाही तेही समजावले. तिने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि वहीत बराच वेळ पाहिले.

“अरे, मग फक्त नऊच मिळवायचे राहिलेत ना?” ती म्हणाली. “उद्या त्या बिल्डरला फोन करशील तेव्हा विचार, नऊ काय? दिवस, महिने की वर्षे?”